हळदीच्या घरात विळी नाही

आगरी लग्नाच्या मांडवात हेमालीसाठी दोन निकाल कायम तयार असत. मांडवाच्या एका खांबापाशी कुणीतरी मावशी तिची हनुवटी धरून म्हणे, “किती गो वाललीस! घालतात का नाय जेवाला?” आणि पुढच्या खांबापाशी पोहोचेपर्यंत दुसरी म्हणे, “सुटलीस गो जराशी. लगीन कराचा हाय ना?” दोन खांबांत अंतर एका टेम्पोएवढं. तेवढ्यात माणूस वाळतो कसा आणि सुटतो कसा, हे विचारायची सोय नव्हती. दोघींनाही उत्तर नकोच असे. वाक्य टाकायचं आणि भज्यांकडं निघायचं.

हेमाली एकोणीस वर्षांची, रेवसच्या अलीकडच्या गावातली. बापाचं नाव दिनानाथ. आज्याचं मिठागर होतं, ते खाडीने आणि पुढाऱ्यांनी मिळून खाल्लं. मग दिनानाथने डंपर घेतले आणि जिथं मीठ पिकायचं तिथं भराव टाकायला लागला. गावात त्याला शेठ म्हणत. शेठ सगळ्या गोष्टींकडं डंपरच्या केबिनमधून बघे. पोरीला ताप आला की “गरम झाली, थंड होऊ दे.” बायको रुसली की “न्यूट्रलला टाक जरा.” आई सुचिता. ती बोलायची कमी, कारण त्या घरात बोलायला जागाच उरत नसे.

अकरावीपासून हेमालीचं एक गुपित होतं. दिवसभर ती “मना भूक नाय” म्हणत हिंडे, आणि मग घर रिकामं झालं की शुद्ध हरपल्यासारखी खाई. खाऊन झालं की ते पोटात राहू देणं तिला सहन होत नसे, आणि ती बाथरूमचा नळ सोडून दार लावून घेई. त्यानंतर स्वतःची इतकी किळस यायची की एवढ्यानेही भागेना. मग ती स्वतःच्याच हातावर राग काढायला लागली. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालून फिरणाऱ्या पोरीला आळीने “सोज्वल हाय गो” असं प्रशस्तिपत्र दिलं. आळीची अक्कल ही एवढी.

जगाचा तिरस्कार करण्यात हेमाली तरबेज होती. पण त्यातला मोठा वाटा तिने स्वतःसाठी राखून ठेवलेला. आत्या, काका, प्राध्यापक, इन्स्टाग्रामवर कमरेला दोरी बांधून बारीकपणा दाखवणाऱ्या मुली, या सगळ्यांना मिळे ते उरलंसुरलं.

एकदा कॉलेजात परीक्षेच्या वर्गात ती कोसळली. त्याआधी घरच्यांची निदानं झाली होतीच. काका म्हणाला, “ॲसिडिटी.” शेजारीण म्हणाली, “नजर.” मोठा भाऊ परेश म्हणाला, “मोबाईल.” तिन्ही निदानं तिघांनी आपापल्या घरातून, हेमालीकडं न बघता केली. अलिबागच्या डॉक्टरने रक्त तपासलं, रिपोर्ट बघितला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि सरळ विचारलं, “जेवल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का?” आवाजात ना राग, ना कीव. रिक्षावाला ‘स्टँडला जायचंय का?’ विचारतो, तसं. हेमालीला उत्तर द्यायचंच नव्हतं. पण इतक्या साध्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची तिची तयारी नव्हती, तिने सगळी तयारी आरडाओरड्यासाठी केली होती.

बाहेर येऊन डॉक्टरने घरच्यांना सांगितलं की पोटॅशियम फार उतरलंय, रक्तातले क्षार कमी झालेत, हृदयावर येऊ शकतं, हे थट्टेवारी नेऊ नका. दिनानाथने त्यातलं फक्त ‘क्षार’ ऐकलं. त्याच्या ते वर्मीच लागलं.

“आमच्या घरान मीठ कमी? डॉक्टर, अख्ख्या रायगडला मीठ पुरवलाय आमी!”

दुसऱ्या दिवशी काकाने ओट्यावर खडे मिठाची गोण आणून टाकली. घराण्याची अब्रू होती ती. आठवडाभर हेमालीच्या ताटात सगळं खारट. शेवटी डॉक्टरने फोनवर ओरडून सांगितलं की हे ते मीठ नव्हे, औषध दिलंय ते द्या, आणि मुलीला मुंबईला न्या, तिथं या आजाराचा दवाखाना आहे.

तेव्हापासून शनिवार ठरला. रेवसच्या जेट्टीवरून लाँच, भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी. एक मनोविकारतज्ज्ञ गोळ्या बघत, रक्त तपासत. आणि तासभर बोलायला दिशा मॅडम. दिशा मॅडमचं ‘हं’ हेमालीने पहिल्याच दिवशी उचललं. त्या ‘हं’ला शेवटी वर वळलेलं शेपूट होतं, मांजराच्या शेपटासारखं. “हं? आणि तेव्हा मनात काय आलं?” परतीच्या लाँचवर हेमाली आईला ते करून दाखवी, आणि सुचिता तोंडाला पदर लावून हसे. घरात पोरीचा आवाज फुटायला लागला तो असा, दुसऱ्याच्या आवाजात.

पहिल्या भेटीला दिनानाथही होता. त्याने विचारलं, “मॅडम, गॅरंटी किती?”

“गॅरंटी नाही. उपचार आहेत. वेळ लागेल.”

मॅडमचे नियम ऐकून शेठचा विरसच झाला. ठरलेल्या वेळी जेवायचं, मधे थोडं खायचं, भूक असो नसो. उपास नाही, एक वेळही चुकवायची नाही, कारण दिवसभर कोंडलेली भूक संध्याकाळी बांध फोडते. जेवल्यावर तासभर कुणीतरी सोबत बसायचं आणि खाण्याबद्दल सोडून काहीही बोलायचं. स्वतःला इजा करावीशी वाटली तर आधी सांगायचं, झाल्यावर नव्हे. सांगितल्यावर कुणी ओरडायचं नाही. घरातल्या धारदार वस्तू सध्या हाताशी ठेवायच्या नाहीत. आणि आवरेनासं झालं तर वाट न बघता सरळ दवाखाना.

“यालाच डाक्टरीन लागते?” दिनानाथ टॅक्सीत म्हणाला. “वेलेवर जेव, वेलेवर बस. ह्या तं मी पन सांगितला असता.”

“मग सांगितलं का नाही?” हेमाली म्हणाली.

त्यावर शेठने टॅक्सीवाल्याला गिअर बदलायला सांगितलं.

सुचिताने मात्र नियम मुकाट्याने पाळले. एक विळी, एक सुरी, काम झालं की कपाटात, किल्ली कमरेला. जेवल्यावर ती पोरीजवळ बसे आणि शेजारणींच्या भांडणांची हकिगत सांगे, कारण तिला दुसरा खाण्याव्यतिरिक्तचा विषय येत नव्हता. काही आठवडे बरे जात, काही वाईट. एकदा हेमाली घसरली आणि शनिवारी लाल डोळ्यांनी जाऊन बसली. मॅडम म्हणाल्या, “घसरलीस. बरं. पुढचं जेवण किती वाजता?” हेमालीला त्यांचा असा राग आला! ती शिक्षा घ्यायला गेली होती आणि ही बाई तिला वेळापत्रक विचारत होती.

मग परेशचं लग्न ठरलं, गुरुवारी हळद, आणि पेणहून मनुबाई आली.

मनुबाई म्हणजे दिनानाथची थोरली बहीण. त्या घरात न राहता ते घर चालवणारी बाई. कुठल्या पोराने काय शिकायचं, गाडी कुठल्या रंगाची, सुनेने पंजाबी घालायचा की नाही, सगळं पेणहून ठरे. तिला हेमालीच्या शनिवारांचा पत्ता नव्हता. हेमाली मुंबईला टायपिंग शिकते, असं तिला सांगितलेलं. या काळात टायपिंग! पण मनुबाईला ते पटलं होतं, आणि वडखळच्या एका घरात ती हेमालीसाठी शब्द टाकूनही आली होती.

दिनानाथने पोरीला बाजूला घेतलं. “हलद निस्ती शांतीत निघू दे. बायला कललं ना, शनिवार बंद. ती बोलली का मना नाय बोलता येत.”

“का नाही बोलता येत?”

“नाय येत,” दिनानाथ म्हणाला. पन्नाशीचा पुरुष, तीन डंपरचा मालक.

हेमालीला कळलं की तिचा शनिवार बापाच्या घशात अडकलेला आहे. शनिवार गेला तर आपण पुन्हा त्या नळाच्या आवाजात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मॅडमचं ‘हं’ कितीही चिडवणारं असो, तिला तेवढा एकच काठ होता.

आता हळदीच्या घराची एक रीत सांगायला हवी. हळदीच्या रात्री मटणाला सगळं गाव जेवतं, आणि तेवढे कांदे एका घरच्या विळ्यांनी चिरून होत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी आळीभरच्या विळ्या हळदीच्या घरात जमा होतात. कुणाच्या विळीला लाल दोरा, कुणाच्या नेलपॉलिशचा ठिपका, म्हणजे परत जाताना भांडण नको. बुधवारी संध्याकाळी दिनानाथच्या पडवीत विळ्यांचा ढीगच लागला.

तो ढीग बघून शेठला नियम आठवला. मॅडमने काय सांगितलंय आणि आपल्या घरात काय जमलंय! सुचिताला विचारावं, आळीत कुणाच्या ओट्यावर चिरायचं काम हलवावं, कपाट मोठं बघावं, यातलं काही त्याला सुचलं नाही. अडचण आली की गाडीत भरायची आणि दूर नेऊन टाकायची, हा त्याचा धंदाच. गुरुवारी पहाटे उठून त्याने सगळ्या विळ्या गोणीत घातल्या. मग कोयते. मग सुऱ्या, कात्र्या, नारळ सोलायची पहार, खवणी, दाढीचं सामान. नेलकटरसुद्धा. गोण्या दारातल्या डंपरच्या केबिनमध्ये कोंबल्या आणि मोकळा श्वास घेऊन आंघोळीला गेला.

ड्रायव्हर कोंडाजीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो रोजच्यासारखा आला, गोण्या बघितल्या, ‘शेठचं काहीतरी असेल’ म्हणाला, आणि डंपर घेऊन वडखळच्या पुढं निघून गेला.

सकाळी उन्हं ओट्यावर आली तेव्हा बायका पाट टाकून बसल्या होत्या. समोर कांद्यांची रास. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी सोनूबाई भिंतीला टेकून घसा खाकरत होती.

“इल्या आना गो.”

“इल्या कुठं हाईत?”

“पडवीन.”

“पडवीन नाय.”

मनुबाई उठली. तिने पडवी बघितली, स्वयंपाकघर बघितलं, शेजारी पोरं पाठवली. शेजारी विळी असणार कुठून, शेजारची इथंच होती. एका पोराने स्टीलची फूटपट्टी आणली. एकीने कांदा पाट्यावर ठेवून वरवंट्याने हाणला, तो उडून दुसरीच्या कपाळाला लागला.

“हलदीच्या घरान इली नाय?” मनुबाईने कमरेवर हात ठेवले. “दिनानाथ! यं हिकडं!”

दिनानाथ आला. नवी कोरी टोपी, चेहरा मात्र चेकनाक्यावर कागद विसरलेल्या ड्रायव्हरचा.

“इल्या कुठं हाईत?”

“धार लावाला दिल्यात, बाय.”

“सगल्या? एकाच टायमाला?”

“हो. स्कीम होती.”

“खवनी पन?”

“खवनीला पन… धार असते ना.”

“आनि नेलकटर? परेशच्या पायाचा अंगठा बगितलास? नवरदेव हाय का घोरपड?”

सोनूबाई भिंतीला टेकूनच म्हणाली, “मी गाऊ काय, इल्या येईस्तवर?”

“तू गप बस!”

तेवढ्यात सुचिता ताटलीत भाकरी आणि भाजी घेऊन आली. हेमालीची अकराची वेळ होती. मनुबाईने ताटली वरच्या वर अडवली. “ह्या काय? आज कनी काय खायाचा नाय. रातच्या मटनाला पोट रिकामा ठेवा. आमी काय जेवलूं?”

बायकांनी माना डोलावल्या. सगळ्या जणी सकाळपासून उपाशी होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. हेमालीच्या पोटात मात्र जुनं काहीतरी खूष झालं. हीच तर तिची जुनी वाट. दिवसभर कोरडं राहायचं, कुणी विचारणार नाही, उलट शाबासकी मिळेल. रात्री मटणावर तुटून पडायचं, आणि मग गर्दीत एक दार लावून घ्यायचं. गाव हसतमुखाने, हळद लावून, तिला त्या दारापर्यंत पोहोचवायला बसलं होतं.

 शनिवार वाचवायचा तर गप्पच राहायला हवं होतं. आणि गप्प राहून ती शनिवारच्या आधी गुरुवारातच बुडणार होती.

इकडं मनुबाईचा तपास पुढं गेला होता. डंपर दिसत नाही. कोंडाजी फोन उचलत नाही. “चोर त्योच! म्या आदीच सांगितलेला, त्याची नजर बरी नाय. आळीच्या इल्या भंगारात इकल्या असतील. लाव पोलिसला फोन!”

आळीच्या चोरलेल्या विळ्या विकून कोंडाजी कोणता बंगला बांधणार होता, देव जाणे. पण बायकांनी लगेच त्याच्या नजरेच्या आठवणी काढायला सुरुवात केली. आणि शेठ, ज्याने आपल्या हातांनी गोण्या भरल्या, तो टोपी काढून घाम पुसत उभा. 

हेमालीने बापाकडं बघितलं. पोलिसांपर्यंत गोष्ट गेली तरी हा माणूस ‘स्कीम’वरच राहणार, हे तिला दिसलं. तिने आईच्या हातातून ताटली घेतली, कांद्यांच्या राशीसमोर मांडी घातली आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला.  तो घास तिला आवडलाही नाही.

“कोंडाजीने काही चोरलं नाही,” ती म्हणाली. “पप्पांनी गोण्या भरल्या. माझ्यासाठी.”

“तुज्यासाठी? तुला इल्यांचा काय कराचा?”

“मला आजार आहे, आत्या. मी खाते आणि उलटून टाकते. वर्षं झाली. आणि स्वतःला इजा करून घ्यायचे. आता त्याचा इलाज चालू आहे. शनिवारी मी टायपिंगला जात नाही, दवाखान्यात जाते. डॉक्टरांनी धारदार वस्तू दूर ठेवा म्हणून सांगितलंय, तर पप्पांनी तालुक्याबाहेर पाठवल्या. आणि मला या वेळेला खायचं असतं, म्हणून मी खातेय.”

वरवंटावालीने वरवंटा खाली ठेवला. सोनूबाईने घसा खाकरला, पण गायली नाही.

मनुबाईचा आवाज खाली आला, म्हणजे आळीभरावरून फक्त ओट्यापुरता. “म्हंजे… डोक्याचा डाक्टर? येडी झालीस काय गो?”

“वेडी नाही. आजारी. तुला शुगर हाय ना? पनवेलला जातेस, इंजेक्शन घेतेस. वडखळवाल्यांनी विचारलं का, ‘आत्याला शुगर हाय, पोरगी कशी करावी?’”

एक बाई फिसकन हसली आणि मनुबाईने बघितल्यावर खोकली.

“शुगर आनि ह्या सारका नाय!”

“बरोबर,” हेमाली घास गिळून म्हणाली. “शुगरमध्ये तू लपून श्रीखंड खातेस.”

आता तिघी खोकल्या.

मनुबाईचा चेहरा कुंकवासारखा झाला. तिने आपलं शेवटचं अस्त्र काढलं. “दिनानाथ! शनिवार बंद. लगीन लावू, सगला बरा होतो. बोल!”

दिनानाथने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.  आणि तेव्हा सुचिता देवघरातून हळदीची वाटी घेऊन आली. पहिली हळद आत्याच्या हातची, तिच्याशिवाय नवरदेवाला कुणी बोट लावत नाही. मनुबाईने सवयीने हात पुढं केला. सुचिताने वाटी दिली नाही.

“पहिली हलद तुमीच लावाची, वन्सं,” ती म्हणाली. “पन माजी पोर शनिवारी जानार. ह्या ठरला का वाटी घ्या.”

“आनि नाय ठरला तं?”

“तं मी उबी हाय. हात दुखत नाय माजा.”

पंचवीस वर्षांत त्या बाईचं एवढं लांब बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. परेश पाटावर बनियनमध्ये बसून ताटकळला होता. “आत्या, लवकर काय ते ठरवा,” तो म्हणाला. त्याला बहिणीच्या आजारापेक्षा आपल्या हळदीची काळजी, पण त्या क्षणी ती उपयोगी पडली.

मनुबाईने बायकांकडं बघितलं. बायका कांद्यांकडं बघत होत्या. “जाऊ दे, जा,” ती म्हणाली, “पन मी येनार. तुमाला कनाला काय कललाय? टायपिंग म्हने!” आणि वाटी हिसकावून घेतली.

कोंडाजी दुपारी रिव्हर्सचा हॉर्न वाजवत दारात आला. त्याने गोण्या उतरवल्या, आणि आपण सकाळभर चोर होतो हे त्याला तेव्हा कळलं. कुणी माफी मागितली नाही. त्याला चहा दिला. चिरायचं काम सुचिताने शेजारच्या ओट्यावर हलवलं. मग आळीने हेमालीला सांभाळायला घेतलं, आणि ते जास्त भयंकर होतं. ती जवळून गेली की बायका विळ्या मांडीखाली घेत. एकीने तिच्यासमोरून झारा उचलला.

“मावशी, झाऱ्याने काय करणार मी?”

“काय सांगाचा नाय, बाय,” मावशी गंभीरपणे म्हणाली.

रात्री हेमाली मटण जेवली. वेळेवर, इतरांएवढंच. नंतरचा तास वाईट गेला. तिने आईला डीजेच्या गोंगाटात बोलावून सांगितलं, “आत्ता वाटतंय,” आणि सुचिता तिच्याजवळ बसून सबंध तास पाहुण्यांच्या बुटांना नावं ठेवत राहिली. तो दिवस गेला. शुक्रवारी लग्नाच्या धांदलीत ती दुपारचं जेवण चुकली, आणि संध्याकाळी घसरली. कुणाला विचारू न देता तिने तेही आईला सांगितलं.

शनिवारी लाँचवर तिघी होत्या. मनुबाईने खिडकीची जागा घेतली, खलाशाला दोन सूचना दिल्या. सुचिताने डबा उघडला, आणि हेमालीचं खाणं झाल्यावर मनुबाईने जाहीर केलं, “आता तास मी बसते. तुमच्यानं नाय व्हायाचा. खान्याचा बोलाचा नाय ना? त्यात काय!”

ती ऐसपैस बसली.

“आमच्या पेनला ती टीचर नाय का, तिच्या पोराचा लगीन झाला. काय हॉल, काय लायटिंग! आनि जेवनाला…” ती थांबली. “ऱ्हाऊ दे. तिची सून. सून गोरी हाय, पन भाकऱ्या… ऱ्हाऊ दे त्या पन.” तिने समुद्राकडं बघितलं. समुद्राने मदत केली नाही, तिथं एक होडी जाळं ओढत होती. “बग, त्या होडीला पापलेट…”

“आत्या.”

“बोललं नाय मी. होडी बोललं.” मनुबाईने कपाळावरचा घाम पुसला. “येवढा कठीन असते? किती टाइम झाला?”

हेमालीने मोबाईल बघितला. “पाच मिनिटं.”

“ती डाक्टरीन पगार घेते ह्याचा?”

“घेते.”

“घेऊ दे,” मनुबाई म्हणाली, आणि साडीचा काठ सारखा करून पुन्हा सुरुवात केली, या वेळी आपल्या मेलेल्या सासऱ्यापासून.